मुकी किटली

सोमवार

आज एका गंभीर अन्यायाची नोंद करून ठेवतो. पुढेमागे कोणी चौकशी आयोग नेमलाच, तर हाताशी पुरावा असावा.

आमच्या किटलीने शिट्टी वाजवणे बंद केले आहे.

विकत घेताना दुकानदारानं त्या शिट्टीची अशी काही तारीफ केली होती, की मी भांडं नव्हे, गवईच घरी नेतोय असं वाटलं. काही वर्षं तिनं इमानानं नोकरी केलीही. हल्ली मात्र ती गप्प उकळते, गप्प आटते आणि गप्प करपते. आज सकाळी जेवणाच्या टेबलाशी सदराचा मजकूर लिहीत बसलो होतो. किटली समोर, पाच पावलांवर. बायको गच्चीतून बादलीसकट धावत खाली आली, गॅस बंद केला आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली, जणू मी पाणी नाही, घर जाळलंय. "अहो, इथंच बसलाय ना तुम्ही?" म्हणाली. इथंच बसलो होतो. माझा मुद्दाच तो आहे.

भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे मी ती दोनदा नेऊन आणली. दुसऱ्या वेळी त्यानं माझ्यासमोर पाणी उकळून दाखवलं आणि वाफ निघाल्यावर मुद्दा सिद्ध केल्यासारखा हात पुढे केला. मी म्हटलं, आता वाजू दे की. यावर तो आणि दुकानातलं एक गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत बसले. कारागिरी संपली की असं एकमेकांकडे बघणं उरतं.

किटलीचंच काय म्हणा. सगळं जगच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतं. बातम्या देणारी बाई पुटपुटते. बँकेतला माणूस काचेआडून नुसते ओठ हलवतो. सून फोनवर अशी कुजबुजते, की पलीकडे कोणी चोरी करत असावं. स्पष्ट बोलणारा शेवटचा माणूस बहुधा मीच. म्हणून तर शाळेपासून मला 'भोंगा' म्हणतात.

उद्यापासून सुट्टी. कुलूपबरोबर. कुलूप म्हणजे माझा बाकावरचा मित्र. वडिलांपासूनचं कुलपा-किल्ल्यांचं दुकान, आणि बोलणंही तसंच, किल्ली फिरवल्याशिवाय तोंड उघडत नाही. म्हणून हे नाव. दोघांनी त्या दगडांच्या मुलखात जायचं, असं आम्ही लग्नाच्या आधीपासून म्हणतोय. परवा त्यानंच फोन केला, की आता जाऊच. एवढा उत्साह त्याला शोभत नाही. बायकोलाही मला पाठवायची घाई झालेली दिसली. बॅग तिनंच भरली. नंतर गॅलरीत उभी राहून त्याच्याशी फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मी आत गेलो तर गप्प.

काय शिजतंय कळत नाही. किटलीसारखंच, आवाज न करता.

मंगळवार

पोचलो. हा मुलूख म्हणजे कुणीतरी डोंगर बांधायला घेतले आणि मजुरी न मिळाल्यानं सामान तसंच टाकून गेल्यासारखा आहे. दगडावर दगड, त्यावर दगड. एकेक सुळका असा ताठ, जणू नुकतीच बढती मिळालेला अधिकारी. एक अजस्र धोंडा दुसऱ्याच्या टोकावर नुसता टेकलाय. युगानुयुगं पडायचं ठरवतोय आणि पडत नाही. संध्याकाळचं ऊन आलं तसे सगळे दगड आधी तांबडे झाले, मग जांभळे. मी टिंगल करायला तोंड उघडलं आणि काही सुचेना. ही लक्षणं बरी नाहीत.

प्रवासात गाडी कुलूप चालवत होता. खिडक्या उघड्या, वारा भणभणतोय, आणि हा बोलणार तो रस्त्याकडे बघून. मध्येच अंगठ्यानं मागच्या डिकीकडे खूण करून त्यानं काहीतरी विचारलं. मी 'चालेल' म्हटलं. कोणी काही विचारलं की 'चालेल' म्हणावं, बहुतेक वेळा ते चालून जातं.

पुढे एका वळणावर तो म्हणाला, "दुकान टिकलं शेवटी."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत थापच मारली. गेलं वर्षभर त्या दुकानाची काळजी त्याला खात होती. हल्ली दारं आकड्यांनी उघडतात, बोटांनी उघडतात, कुलपाला विचारतो कोण. मी म्हटलं, "बरं झालं. मी सांगत नव्हतो? उगाच जीव टाकत होतास. तुझे वडील असते तर नाचले असते. आता जेवण तुझ्याकडून."

त्यानं माझ्याकडे इतका वेळ पाहिलं, की गाडी रस्त्याच्या कडेला उतरली.

पुढच्या खानावळीत त्यानं खरंच जेवण दिलं. मी दोनदा गोड मागवलं. त्यानं स्वतः घास-दोन घास खाल्ले, आणि नंतर पोचेपर्यंत एक अक्षर बोलला नाही. चांगली बातमी इतक्या वाईट रीतीनं साजरी करणारा माणूस मी पाहिला नव्हता.

बुधवार

आम्ही उतरलोय ते घर एका बाईंचं. वर दोन खोल्या पाहुण्यांना देतात, खाली स्वतः राहतात. बाई पाठमोऱ्या बोलतात, हा त्यांचा दोष. चुलीकडे तोंड करून त्यांचं बोलणं चालतं. बहुधा उत्तर भांड्यांकडून अपेक्षित असावं.

सकाळी त्यांनी आम्हाला घळीकडे पाठवलं. दोन काळ्याभोर कड्यांमधली अरुंद चीर, तळाशी गार सावली. इथले लोक तिला बोलकी घळ म्हणतात. एकदा हाक मारली की पाच-सहा वेळा परत येते, अशी ख्याती. लोक हाका मारत होते आणि लहान पोरांसारखे टाळ्या पिटत होते. मी माझा खणखणीत आवाज लावला. घळ ढिम्म. पुन्हा लावला. कुठंतरी लांब रिकामं पिंप कण्हल्यासारखं झालं, एवढंच. मी तिथल्या तिथं निकाल दिला, की पाच-सहा वेळा परत येते ती हाक नव्हे, पर्यटक. यावर एक जोडपं माझ्याकडे वळून बघायला लागलं. कुलूपही बघायला लागला, पण वेगळं.

मग एक चमत्कार झाला. हा माणूस, ज्यानं शाळेत हजेरीलासुद्धा हात वर करून काम भागवलं, तो घळीच्या तोंडाशी गेला, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पोटातून ओरडला. एकच शब्द. "टिकलं."

म्हणजे आनंद आहे तर. उशिरा का होईना, कुलूप उघडलं. मी टाळ्या वाजवल्या. तो वळला. आनंद झालेल्या माणसाचा चेहरा इतका वाईट दिसू शकतो, हे मला नवीन होतं. त्यानंतर तो माझ्या पुढे चालत राहिला. मी गाठलं की वेग वाढवायचा.

संध्याकाळी जेवताना बाईंनी चुलीकडे बघत विचारलं, "रस्ता बिकट चालेल का?" उद्याच्या चढणीबद्दल असणार. मी छाती काढून सांगितलं, बिकटच हवा, जितका बिकट तितका चांगला, त्यासाठीच तर आलोय. बाई खूश दिसल्या. मग त्यांनी वाढलेल्या रश्शानं माझी जीभ, घसा आणि पुढचे सगळे प्रांत क्रमाक्रमानं जाळत नेले. मी त्यांचं काय वाईट केलं होतं? कुलूप आपल्या वाटीतलं मुकाट जेवला. त्याची वाटी वेगळ्या पातेल्यातली होती, हे मी पाहिलं.

झोपायच्या आधी बायकोचा फोन. मी उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. डाव्या कानाला नेटवर्क जरा बरं मिळतं. म्हणाली, मामाच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय, पुढच्या सोमवारची. मी विचारलं, कोणत्या मामाच्या? "मामा नाही हो," म्हणाली, आणि पुन्हा तेच, मामाच्या. तिचे एकुलते एक मामा वारून काळ लोटला. त्यांना आता डॉक्टर कशाला? मी तसं म्हटलं. तिनं सुस्कारा टाकला असावा, आणि भाऊजींना फोन द्या म्हणाली. भाऊजी फोन घेऊन बाहेर गेले.

सगळे मिळून मला वेडा ठरवताहेत, की सगळ्यांनाच काहीतरी झालंय?

गुरुवार

रश्शाच्या कृपेनं दिवसभर खोलीत. खिडकीतून तो टेकलेला धोंडा दिसतो. त्याच्याकडे बघत विचार केला.

कुलूपला माझा राग आलाय, यात शंका नाही. कशाचा, ते कळत नाही. गोड दोनदा मागवल्याचा? तो इतका चिक्कू नाही. मागच्या महिन्यात सदरात मी कुलपांवर एक वाक्य लिहिलं होतं, त्याचा? ते वाचून तो हसला होता; निदान त्याचा खांदा हलला होता. दुकानाला मी कायम भंगारखाना म्हणतो, पण ते तर पूर्वापार चालत आलंय.

इथं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. लोकांची खिल्ली उडवायचे मला दर रविवारी पैसे मिळतात, आणि उरलेले दिवस मी ती फुकट उडवतो. त्या जिभेपायी एकेक मित्र गळत गेला. हा एकटा राहिला. हा गेला, तर मी बोलायचं कोणाशी? बायकोशी बोलता येतं, पण तिला माझे सगळे विनोद येतात.

दुपारी तो दारात येऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. 'परत' आणि 'उद्या' एवढं पोचलं. मी 'चालेल' म्हटलं नाही. मी कपाळावर आठ्या घातल्या आणि भिंतीकडे वळलो. मला उद्या परत जायचं नाही. भांडण इथं झालंय तर ते इथंच मिटलं पाहिजे. घरी गेल्यावर तो शटर ओढून घेईल.

खाली ओसरीवर तो बाईंशी बोलताना दिसला. या बाईला परवापर्यंत ओळखत नव्हता, आणि तिच्याशी इतकं? बाई मान हलवत होत्या. त्यांचे ओठ बघून कळलं, काय म्हणाल्या ते. 'अरेरे.'

या शब्दाचा मला जुना तिटकारा. त्यावर मी अख्खं सदर लिहिलंय. 'अरेरे' म्हणजे भाषेतलं सगळ्यांत स्वस्त नाणं, देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याचं काही भागत नाही, असं. लोकांना फार आवडलं होतं. कुलूप त्यावर काहीच बोलला नव्हता.

पण बाई कशासाठी 'अरेरे' म्हणाल्या? माझ्या पोटासाठी खचित नाही.

शुक्रवार

आज सगळंच उलटंपालटं झालंय. तरी क्रमानं लिहितो.

सकाळी मी जाहीर केलं की पोट ठीक आहे, आणि कालची राहिलेली, कड्याच्या कुशीतून जाणारी वाट बघितल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. त्यानं खांदे उडवले आणि निघाला. वाट म्हणजे एका अंगाला सरळ भिंत, दुसऱ्या अंगाला उतार, कडेला झुडपं. मी पुढे, तो मागे. वर कुठंतरी बकऱ्या चरत होत्या. हवा इतकी स्वच्छ, की समोरच्या सुळक्यावरची भेग न् भेग मोजावी. अशा ठिकाणी भांडलेल्या माणसाबरोबर चालणं म्हणजे मेजवानीत उपास.

एकदम मागून तो ओरडला, "बटण सुटलंय!"

मी थांबलो. सदऱ्याची बटणं पाहिली. सगळी जागच्या जागी. मग शंका येऊन पँटचंही तपासलं. तेही शाबूत. म्हणजे थट्टा. तीन दिवसांनी थट्टा करतोय तर राग गेला असणार, म्हणून मी एक चांगलंसं उत्तर जुळवलं आणि ते द्यायला वळणार, तोच त्यानं माझी कॉलर धरून मागे खेचलं. आम्ही दोघं एकमेकांवर झुडपात पडलो. मी उभा होतो तिथं पेटीएवढा एक धोंडा येऊन आदळला आणि उड्या मारत खाली गेला. तो आदळल्याचं मला कानांपेक्षा पाठीतून जास्त कळलं.

"बहिरा आहेस का?" तो म्हणाला. हे मला नीट ऐकू आलं. त्याचं तोंड माझ्या तोंडापाशी होतं.

घाबरलो की माझी जीभ धारदार होते. मी विचारलं, बटणासाठी कोणी माणसाची कॉलर फाडतं का?

"कुठलं बटण?"

"तूच ओरडलास. बटण सुटलंय म्हणून."

त्याचं कोपर सोलवटलं होतं, रक्त येत होतं. त्याकडे न बघता तो माझ्याकडे बघत राहिला. "दगड," तो म्हणाला. "दगड सुटलाय, म्हणालो."

मला वाटलं, सारवासारव करतोय. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, दगड का होईना, पण चार दिवस तू तोंड फुगवून बसलायस ते कशाला? मी काय वाकडं केलं तुझं? बातमी दिलीस, मी पाठ थोपटली. जेवण मागितलं ते हक्कानं मागितलं.

"हो, मागितलंस," तो म्हणाला. "दुकानाचं ऐकून जेवण मागितलंस."

"मग काय करायला हवं होतं? दुकान टिकलं म्हटल्यावर काय गळा काढू?"

तो उठत होता, तो अर्धवट वाकलेलाच राहिला. "काय म्हटल्यावर?"

"टिकलं."

तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. माझ्या डोळ्यांत बघत त्यानं तो शब्द सावकाश म्हटला. टिकलं. मी म्हटलं, हो, तेच. त्यानं मान हलवली आणि पुन्हा म्हटला. टिकलं. पुन्हा. टिकलं. मला वाटलं, त्या धोंड्यानं याच्या डोक्यावर परिणाम केला. पण मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि काहीतरी जुळत नव्हतं. 'ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागत नाहीत. त्याचे लागत होते. तोंड एक सांगत होतं, कान दुसरं.

त्यानं वाटेवरचा एक पांढरा खडा उचलला आणि कड्याच्या काळ्या दगडावर लिहिलं, दुकान. मग थोडं थांबून, 'वि'. पुढचं लिहायची गरज नव्हती.

दुकान विकलं शेवटी.

डोक्यात गाडीतलं माझं एकेक वाक्य परत येत होतं, त्या घळीसारखं. बरं झालं. मी सांगत नव्हतो? तुझे वडील असते तर नाचले असते. आणि घळीच्या तोंडाशी हा पोटातून ओरडला, आणि मी टाळ्या वाजवल्या.

मग तो बोलला, आणि या वेळी माझ्याकडे तोंड करून. "वहिनी म्हणाल्या होत्या, तुला कमी ऐकू येतं. तू डॉक्टरकडे जायला ऐकत नाहीस, माझं तरी ऐकशील, म्हणून मी समजवावं. मला वाटलं, जरा मोठ्यानं बोललं की झालं. पण गाडीत तू इतकं पटकन उत्तर दिलंस. वाटलं, ऐकलंस. आणि तुला आनंदच झाला."

"तुला खरंच तसं वाटलं?"

"तू कायम भंगारखानाच म्हणायचास."

मी म्हटलं, ते गमतीनं.

"हो. मीही गमतीनंच घेत होतो." त्यानं खडा खाली टाकला. "तू अरेरे म्हणणार नाहीस, एवढं माहीत होतं. पण जेवण मागशील असं वाटलं नव्हतं."

यावर काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, तुझ्या कोपरातून रक्त येतंय. तो उठला, पँट झटकली आणि तिकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला.

"काय?" मी विचारलं.

तो वळला. मीही चपापलो. कोणाला 'काय' असं विचारून मला किती काळ लोटला होता कोण जाणे. मी नेहमी अंदाजानंच उत्तर द्यायचो.

"चल म्हणालो," तो म्हणाला.

शनिवार

आज परतीची भाषा त्यानं काढली नाही. कोपर बांधलंय.

मी मात्र अजून गोंधळलेलाच. काल रात्रीपासून गेल्या काही वर्षांची उलटतपासणी चाललीय, आणि कोणता साक्षीदार खरा ते कळत नाही. बातम्यांतली बाई बहुधा स्पष्ट बोलत असावी. सुनेच्या फोनपलीकडे कोणी चोरी करत नसावं. बाईंनी बुधवारी 'रस्सा तिखट चालेल का' असं विचारलं होतं, हे कुलूपनं मला सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदा त्याचा खांदा हलला. मामांचंही उलगडलं. मामाच्या नव्हे, कानाच्या. बाईंनाही त्यानं सांगितलेलं दिसतं. सकाळी चहा देताना त्या चुलीकडे पाठ करून, माझ्याकडे बघून, सभेत बोलल्यासारख्या बोलल्या. त्यांच्या चुलीवरच्या भांड्यातून वाफ निघत होती. मी कुलूपला विचारलं, काही वाजतंय का? तो म्हणाला, झाकण थडथडतंय, केव्हाचं.

मला आमची किटली आठवली. बिचारी रोज सकाळी ऊर फुटेस्तोवर ओरडत होती, आणि मी तिच्यावर खटला भरत होतो.

दुपारी पुन्हा घळीत गेलो. मीच म्हटलं. गर्दी नव्हती. तो पुढे झाला, हाक मारली, काय मारली ते मी विचारलं नाही. मग माझ्याकडे वळला आणि मूठ वर धरली. एक बोट उघडलं. थोड्या वेळानं दुसरं. मग तिसरं, जरा जास्त थांबून चौथं. पाचवं अर्धंच उघडलं आणि तसंच राहिलं. म्हणजे तो शेवटचा आवाज फार लांबून आला असणार. इतका सुंदर प्रतिध्वनी मी पाहिला नव्हता.

एक गोष्ट राहिलीय. त्याचं एक 'अरेरे' माझ्याकडे बाकी आहे. आज दोनदा म्हणायला गेलो. एकदा तोंडातून विनोद निघाला, दुसऱ्यांदा 'मीठ दे' निघालं. इतकी वर्षं ज्या शब्दाला हिणवलं, तो आता बोलावून येत नाही. आणि बाईंचं त्यानं दोन दिवसांपूर्वीच घेऊन ठेवलंय. परक्या बाईकडून.

रविवार

घरी पोचलो. बायको झोपलीय. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जातोय, हे तिला मी आपणहून सांगितलं. तिनं दोनदा 'काय?' विचारलं. ऐकू आलं नाही म्हणून नव्हे.

येताना गाडी मी चालवली. त्याच्या कोपराचं निमित्त होतं. पण मी चालवायला बसलो की तो माझ्या डाव्या हाताला येतो, आणि नेटवर्क डाव्या कानालाच बरं मिळतं. खिडक्या बंद करून घेतल्या. सुळके मागे पडले. मग मी म्हटलं, दुकानाचं पहिल्यापासून सांग. मंगळवारी सांगितलं होतंस ते धरू नकोस.

त्यानं सांगितलं. मधूनमधून मी 'काय' म्हणत होतो आणि तो न चिडता पुन्हा सांगत होता. कुलूपला इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. कदाचित तो पूर्वीही बोलत असेल. घेणारा तरुण माणूस आहे, मोबाईलची कव्हरं विकणार आहे. लाकडी खण त्यानं मोडीत काढले. शेवटच्या सकाळी कुलूपनं वडिलांच्या वेळचा एक डबा तेवढा बाहेर काढला. ज्यांची कुलपं केव्हाच हरवली, अशा किल्ल्यांचा. लोक कधीतरी परत येतील म्हणून वडिलांनी त्या जपल्या होत्या. टाकवेनात, आणि घरी न्यायला धीर झाला नाही, म्हणून तो डबा डिकीत ठेवला.

"मी जातानाच विचारलं होतं तुला," तो म्हणाला. "डिकीत किल्ल्या खळखळताहेत, चालेल ना?"

"मी काय म्हणालो?"

"चालेल म्हणालास."

मी कान दिला. रस्त्याची घरघर होती, बाकी काही नाही. "आताही वाजताहेत?"

"प्रत्येक खड्ड्याला."

पुढचे खड्डे मी जपून घेतले.

थोड्या वेळानं त्यानं शेवटचं सांगितलं. सांगताना तो हसल्यासारखं करत होता. व्यवहार झाला, शटर खाली ओढलं. त्यानं सवयीनं खिशातून आपलं कुलूप काढलं, वडिलांनी घडवून घेतलेलं, पितळी. तर तो तरुण म्हणाला, राहू द्या काका, मी आणलंय. पिशवीतून नवं कोरं काढलं आणि लावलं. बाजारातून आणलेलं. केसांतल्या पिनेनं उघडेल असं.

"कुलपाच्या दुकानाला," तो म्हणाला, "कुलूप बाहेरून आणलं."

माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार झाली. तिन्ही चांगली होती. एकाचं तर अख्खं सदर झालं असतं. मी ती गिळली. रश्शाइतकीच झोंबत गेली. गाडी कडेला घेतली, थांबवली आणि त्याच्याकडे तोंड केलं.

"अरेरे," मी म्हणालो.

इतकं हळू निघालं, की भोंग्याला शोभेना. तो समोर बघत होता.

"काय म्हणालास?"

मी पुन्हा म्हणालो, तितक्याच हळू. त्यानं मान हलवली, आणि आम्ही निघालो.